व्होनेटाला मी काय शिकवलं

५ सप्टेंबर १९७८, मंगळवार

आठवीचा वर्ग. एकतीस पोरं — अठरा काळी, तेरा गोरी. निम्म्या खिडक्या उघडत नाहीत. सकाळी नऊलाच घामाच्या धारा!

डेल टकनं पहिल्याच तासाला विचारलं, "बाई, ती फळी खरंच वापरता का हो?" फळी दाराशेजारी टांगलेली असते. ओकची, हातभर लांब, सहा भोकं पाडलेली. भोकांमुळे हवा अडत नाही, आणि लागतं जास्त. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "माझ्या आईला विचार. तिला बसली तेव्हा भोकं नव्हती."

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला.

ही व्होनेटा रॅगलंड. हिच्या आईला मी शिकवलंय, आमची जुनी, फक्त काळ्या पोरांची शाळा होती तेव्हा. आई आता न्यूआर्कला. तीन वर्षांपूर्वी पोरीला इथे आजीकडे आणून टाकलं आणि गेली. तेरा वर्षांची, अंगानं काडी, पण जीभ आईचीच. मला हसू आलं. दाखवलं नाही.

चौतीस वर्षं शिकवतेय. अशी डोकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. हिला वाया जाऊ द्यायचं नाही. आईसारखं तर नाहीच नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

चाकर आणि गुलाम हा धडा सुरू केला. पुस्तकात सगळा मिळून दीड पान! एक चित्रही आहे — शेतात सगळे काळे हसतायत. असं कुठलं शेत होतं कोण जाणे. पुस्तकं मिटायला लावली.

आधी गोरे चाकर सांगितले. इंग्लंडातून करारावर आलेले, चार-पाच-सात वर्षांचे. निम्मे मुदत संपायच्या आत तापानं मरायचे. पळाला तर पाठ सोलायची आणि वर मुदत वाढवायची. डेलची छाती फुगली. "आमचे पूर्वज असेच आले, बाई. फटके खाल्ले, पण पुढे स्वतःची जमीन केली."

"मग आमच्यांनी काय कमी खाल्ले?" व्होनेटा मागून म्हणाली. "आमची जमीन कुठाय?"

डेल म्हणाला, "मला काय विचारतेस? मी घेतली का?"

"खिसे उलटे करून दाखव बरं."

हशा! दोघांना गप्प केलं. पण मनातून खूश झाले. चौतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारला नव्हता.

१२ सप्टेंबर, मंगळवार

कायदे फळ्यावर लिहिले. सगळे याच राज्यातले, इथून गाडीनं दोन-तीन तासांवर बसून केलेले. १६६२ — मूल आईवर जाईल. आई गुलाम तर मूल गुलाम. १६६९ — मालकाच्या मारात गुलाम मेला तर तो गुन्हा नाही. १७०५ — गोऱ्या चाकराला उघडं करून चाबूक मारायचा तर आधी न्यायाधीशाची परवानगी.

"मेला तरी गुन्हा नाही?" व्होनेटा. "का?"

"स्वतःचं नुकसान कोण मुद्दाम करेल, असं कायदा म्हणतो."

"आणि मालक चिडका असला तर?"

कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "चिडक्यासाठीच तर कायदा केला होता." तास संपल्यावरही पोरं बसून होती. माझ्या हातून आज चांगलं शिकवलं गेलं, हे मला माहीत आहे. लिहायला लाज कसली?

१४ सप्टेंबर, गुरुवार

व्यायामशाळेमागे शेतीच्या वर्गाचा तंबाखूचा तुकडा आहे. वरची पानं अजून उभी आहेत. पोरांना तिथे नेलं. पुस्तकातलं हाताला लागल्याशिवाय कळत नाही, हा माझा जुना हट्ट. एकेकाला एकेक रांग दिली, कॉफीचे रिकामे डबे दिले. पानं उलटायची, अळ्या वेचायच्या. हिरव्या, बोटाएवढ्या जाड, शेपटीला काटा. निम्मी पोरं घरी हेच करतात, त्यांचे हात सपासप चालले. मी मागून रांगा तपासत गेले.

व्होनेटा रांगेच्या तोंडाशी उभी. च्युइंगम चघळतेय. डबा रिकामा.

"काय गं?"

"मी नाही हात लावणार त्याला. शी! मी काय कुणाची गुलाम नाहीये, बाई."

पोरं ओरडली, शिट्ट्या मारल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला दुपारभर उन्हात राबलेल्यांची शी वाटते! तिच्या रांगेतली पानं मी स्वतः उलटली. तीन अळ्या निघाल्या. त्यातली जाडजूड उचलली, डाव्या हातानं तिची हनुवटी धरली. "चाव."

तिनं ओठ घट्ट मिटले. वासराला औषध पाजताना दाबतात तसे मी तिचे गाल दोन बोटांनी दाबले. तोंड उघडलं. आत घातली, आणि जबडा खालून वर ढकलला. दात मिटल्याचा आवाज आला. हिरवं पाणी हनुवटीवरून ओघळलं. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग माझ्या बुटांवर भडाभडा ओकली.

पोरांना सांगितलं, "मी आठ वर्षांची असताना माझ्या बाबांनी मला अशीच चावायला लावली होती. त्यानंतर माझ्या रांगेत एक अळी सापडली असेल तर शपथ!" काही हसली.

घरी बाबांना सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, खोकला येईपर्यंत हसले. आमच्या घरातला हा जुना विनोद. दर ईस्टरच्या जेवणाला निघतो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

व्होनेटानं आज तोंड उघडलं नाही. जालीम औषध!

१८ सप्टेंबर, सोमवार



जिल्ह्याच्या ग्रंथालयातून जबान्यांची पानं आली होती. चाळीस वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेतलेल्या. लहानपणी गुलामीत असलेली माणसं ती. मी आधी वाचली नाहीत. शनिवारी चर्चची भांडी घासली, रविवारी दमले. तशीच वाटली, आणि रांगेनं मोठ्यानं वाचायला लावली.

पाळी डेलची आली. वाचू लागला. "'मुकादम आमच्या मागून रांगा तपासत यायचा. तंबाखूवर एखादी अळी राहिली की ती उचलून आमच्या तोंडात...'"

थांबला. कान लाल झाले. वर्गातली एकेक मान वळली. माझ्याकडे नाही, व्होनेटाकडे. "पुढे वाचू, बाई?"

नको म्हणायचं भान राहिलं नाही. "वाच," म्हटलं.

"'...तोंडात घालायचा, आणि दोन तुकडे होईस्तोवर चावायला लावायचा. मी लहान होते. अजून तंबाखूचं शेत दिसलं की मी तोंडावर हात धरते.'"

पुढची पाळी व्होनेटाची. उभी राहिली. कागद हातात, पण वाचला नाही. अगदी शांतपणे, खरंच कळून घ्यायचं असावं तसं तिनं विचारलं, "बाई, मग आपल्या वर्गात मुकादम तुम्ही ना?"

ओढत पुढे आणली. टेबलावर वाकवली. फळी घेतली. नियम तीनचा. मी मोजले नाहीत. खांद्यापासून हात फिरवून मारले, लाकडाचा आवाज सगळ्या इमारतीत गेला असेल. तिनं टेबलाची कड दातात धरली होती. मला थांबवलं ते डेलनं. "बाई," म्हणाला, "सहा झाले."

त्या गोऱ्या पोरानं मोजले. मी नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

मुख्याध्यापक हॉडनेटसाहेबांनी बोलावलं. डेलच्या वडिलांचा फोन आला होता. मला वाटलं, फळीवरून. मनाची तयारी करून गेले. खरं सांगायचं तर, कुणीतरी मला चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं.

"फळीबद्दल कुणाची तक्रार नाही हो," ते म्हणाले. "फळी कायद्यात बसते. तो अळीचा प्रकार... चला, वर्गाची शिस्त तुमची तुम्ही बघा. पण त्या जबान्या कशाला? पोराला रात्री जेवण गेलं नाही म्हणे. तेवढा धडा गाळा. पुस्तकात दीड पान आहे ना, पुरे झालं."

म्हणजे मारलं ते चालतं. सांगितलं ते नाही! हसावं की रडावं?

व्होनेटा आज आलीच नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

आली. लांब बाह्यांचा स्वेटर घालून, एवढ्या उकाड्यात. बसली नाही, दिवसभर खिडकीशी उभी राहिली. 

शाळा सुटल्यावर तिची आजी आली. हेस्टरताई. आमच्याच चर्चच्या, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठ्या. हातात रताळ्याची पाई, गोड सारण भरून भाजलेली, फडक्यात बांधलेली, अजून कोमट. मला वाटलं, आता तोंडावर फेकणार. मी त्याच लायकीची होते.

"आभार मानायला आले, विम्बिशबाई."

"कशाचे, ताई?"

"तुम्ही हात उचललात म्हणून. माझ्यानं एकटीनं आवरत नाही हो ती. आईचं बघितलंत ना काय झालं? शाळेत मार खाऊन आली म्हटल्यावर घरी पण दिला. इस्त्रीची वायर काढली. म्हटलं, बाईंना उलटं बोलतेस? या गावात उलटं बोललेल्यांचं काय होतं ते तुला ठाऊक नाही अजून!" मग पोरीला हाक मारली. "दाखव गं बाईंना."

व्होनेटानं बाही वर केली. दुमडलेल्या वायरीचे वळ होते, मनगटापासून दंडापर्यंत, पिळाच्या खुणांसकट. दोन ठिकाणी कातडी फाटून पाणी आलेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाईकडे बघत होती.

मी त्या पाईला हात लावून "फार छान" म्हणाले! देवा. काय म्हणायला हवं होतं?

आमच्यात हे असंच चालत आलंय. शाळेत मार बसला की घरी दुसरा. मलाही बसायचा. त्याला आम्ही वळण म्हणतो. शाळेत मी सहा मारले तेव्हा घरचे किती मागवले, याचा विचार केला नाही. चौतीस वर्षांत कधीच केला नाही.

पाई खाल्ली नाही. फेकवलीही नाही. ओट्यावर तशीच आहे.

२१ सप्टेंबर, गुरुवार

बाबांना व्हरांड्यात गाठलं. शेंगा सोलत बसले होते. विचारलं, "ती अळी. तुम्हाला कुणी सुचवली?"

हसायला लागले. "अगं, ती तर—"

"हसू नका बाबा. कुणी शिकवलं?"

"आजीनं. माझ्या आजीनं मला चावायला लावली. मी पाच-सहाचा असेन. लई कडक म्हातारी! एक कान नव्हता तिला."

"आणि आजीला कुणी?"

शेंग हातातच राहिली.  मग म्हणाले, "आजीला कुणी, ते तूच शिकवतेस ना शाळेत?"

आणि मग हळूच, "मला वाटायचं, आपल्याच घरची रीत आहे."

मलाही तेच वाटायचं. सत्तावन्न वर्षं! मुकादम कधीच मेला, त्याचं नावसुद्धा कुणाला आठवत नाही, आणि त्याचं काम आम्ही फुकटात करतोय, आपल्याच पोरांवर, वर हसत हसत. मला त्या म्हाताऱ्या पणजीचा राग आला, बाबांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. न्हाणीघरात जाऊन साबणानं तोंड धुतलं. आठव्या वर्षीची चव अजून आहे. गेली नव्हती कधी. मी तिला विनोद म्हणत होते इतकंच.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

बोलले. सगळ्या वर्गासमोर.

धडा गाळायला सांगितलाय, तो गाळला नाही. म्हटलं, सोमवारी डेलनं वाचलेलं पान खरं आहे, आणि तेच या शाळेमागे गेल्या गुरुवारी घडलं, आणि ते करणारी मी. व्होनेटानं जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर 'हो' आहे. उत्तर देता आलं नाही म्हणून मी तिला मारलं. "व्होनेटा, माझं चुकलं. मला माफ कर."

 काळ्या बाईनं, तेरा गोऱ्या पोरांसमोर, पोरीची माफी मागायची! माझी आई असती तर आधी मलाच झोडपलं असतं.  तरी बोलत गेले. इतकी वर्षं दाबलेलं होतं, थांबता आलं नाही. "तुमच्या अंगावर हात टाकायचा हक्क कुणालाही नाही. मला नाही. हॉडनेटसाहेबांना नाही. कुणालाच नाही."

व्होनेटानं सोमवारच्या त्या प्रश्नानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. "घरी पण नाही?"

"घरी पण नाही."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

ती बसली. दुखत असणार, पण बसली. वही उघडली. मला इतकं हलकं वाटलं की घरी येताना गाडीत मोठ्यानं गात आले.

२३ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. चर्चमध्ये बातमी पोचलीय.

२५ सप्टेंबर, सोमवार

सातला शाळेत पोचले तर व्होनेटा पायऱ्यांवर बसलेली. भिजलेली, पायात चप्पल नाही. उजव्या तळहातावर भाजल्यासारखी लाल रेघ.

"मी वायर धरली, बाई."

आत नेलं, माझा कोट पांघरला. अडखळत अडखळत सांगितलं. काल चर्चहून आल्यावर आजीनं विचारलं, बाईंना वर्गात माफी मागायला लावलीस? मला चर्चमध्ये मान वर करायला जागा ठेवली नाहीस! वायर काढली. व्होनेटा म्हणाली, "हक्क नाही तुला." आजीनं पहिला तोंडावर मारला. दुसरा येताना हिनं हवेतच धरली, हिसकली, आणि मारली. एकदा नाही. किती वेळा ते आठवत नाही. आजी मागे मागे सरकत मागच्या दारातून बाहेर गेली आणि पायऱ्यांवरून खाली पडली. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज हिला ऐकू आला. रात्रभर तंबाखू सुकवायच्या भट्टीघरात लपून बसली होती.

"तुम्ही सांगितलंत म्हणून," असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. नुसती विचारत होती, "मरेल का हो ती? बाई, मरेल का?"

"कुणाला सांगितलंस हे?"

"तुम्हालाच."

साडेनऊला शेरीफची माणसं आली. शेजाऱ्यानं आरडाओरडा ऐकून फोन केला होता. काळा माणूस आहे तो, आमच्यातलाच. वर्गासमोर तिचे हात मागे बांधले. पोरीची मनगटं एवढीशी, बेडी निसटत होती. दुसरी आणायला गाडीकडे गेले. तोवर ती फळ्याकडे तोंड करून उभी होती. डेल टक उठून म्हणाला, "अहो, लहान आहे ती!" त्याला खाली बसवलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

तुरुंगाच्या मागच्या खोलीत तिला भेटले. शेरीफला तिनं एक शब्दही सांगितलेला नाही. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसून असते म्हणे. डोळ्याखाली वायरीचा वळ, पिकत आलाय. म्हटलं, घाबरू नकोस, मंगळवारी कोर्टात मी बोलणार आहे. तिनं मान हलवली. हो का नाही, कळलं नाही.

तिथून दवाखान्यात गेले. हेस्टरताईंच्या मांडीत सळई घातलीय. दारातूनच ऐकू आलं, "त्या बाईला आत येऊ देऊ नका." नर्सनं दार लावून घेतलं. अर्धा तास बाहेर बाकावर बसले. बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या घरात काडी टाकली आणि गात गात घरी गेले.

१ ऑक्टोबर, रविवार

बाबांना सांगितलं, न्यायाधीशांसमोर सगळं सांगणार आहे. अळी, फळी, वायर, मी वर्गात काय बोलले ते. पोरीनं हात उचलला तो मी शिकवलं म्हणून. दोष माझा आहे हे त्यांना कळलं तर तिला सोडतील, नोकरी गेली तर जाऊ दे.

बाबा काठी टेकत उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "डेलिया, त्या कोर्टात आपण काय म्हणतो? मी पाहिलं नाही, म्हणतो. मला माहीत नाही, म्हणतो. तुझ्या रुफसकाकानं खरं सांगितलं होतं तिथे. आमच्या धाकट्या भावाला वाचवायला! दोघांनाही कैद्यांच्या साखळीत घातलं. दोन वर्षं रस्त्याची खडी फोडली. एकच परत आला."

"ते एकोणीसशे तीस साल होतं, बाबा."

"इमारत तीच आहे."

"मी आयुष्यभर खोटं शिकवलं," मी ओरडले. "आता एकदा तरी खरं बोलू द्या!"

"बोल ना. पण तुरुंगात तू नाहीयेस."

भांडलो. बशी फुटली. हे म्हातारे लोक असेच भीत भीत जगले, म्हणून तर सगळं आपल्या पोरांच्या अंगावर काढलं. मी नाही भिणार. काय बोलायचं ते तीन पानं लिहून काढलंय, दोनदा वाचून पाहिलं. चांगलं झालंय. न्यायाधीशालाही मुलं असतील.

३ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेचा दिवस म्हणून न्यायाधीशांनी मला आधी बोलावलं. शपथेवर तिन्ही पानं वाचली. वायर हिसकल्याचं, मारल्याचं, तिनं मला सांगितलं तसं सगळं. आवाज एकदाही कापला नाही.

मग हेस्टरताईंना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. बायबलवर हात ठेवून म्हणाल्या, "कुणी मारलं मला? पायरी पावसानं ओली होती, घसरले. पोर तर आत भांडी घासत होती. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरू नये का, साहेब?"

न्यायाधीशांनी माझी पानं उचलून त्यांना दाखवली. हेस्टरताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. व्होनेटानंही.

अठरा पूर्ण होईपर्यंत सुधारगृह. शेजाऱ्यानं फक्त आरडाओरडा ऐकला होता. पाहिलेलं कुणीच नव्हतं. तिच्याविरुद्ध साक्ष दिली ती मी एकटीनं.